अर्ध्या पेनीचे ग्रंथालय

गावात सार्वजनिक ग्रंथालय असावे, याविषयी सहसा कोणाचे दुमत नसते. मतभेद सुरू होतो तो त्याचा खर्च कोणी सोसावा या प्रश्नापाशी. इमारतीला दाते मिळतात. कोनशिलेवर नाव कोरले जाते, उद्घाटनाचा समारंभ होतो. परंतु ग्रंथपालाचा पगार, दिवाबत्ती, सुटलेल्या बांधणीची दुरुस्ती आणि दरवर्षी लागणारी नवी पुस्तके यांचा भार वर्षानुवर्षे कोणी उचलावयाचा? लोकांनी भरलेल्या करातून तो उचलला जावा, हा विचार आज सर्वमान्य वाटतो. प्रत्यक्षात तो कायद्याच्या पुस्तकात येण्यासाठी इंग्लंडसारख्या संपन्न देशातही एकोणिसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. आणि तो तेथवर आणण्यात एका बांधकाम व्यावसायिकाच्या मुलाच्या लेखणीचा मोठा वाटा होता. या गृहस्थाने कायदे करणाऱ्यांना पत्रे लिहिली, आणि पत्रांत विनवण्यांपेक्षा आकडे अधिक घातले.

एडवर्ड एडवर्ड्स यांचा जन्म १८१२ साली लंडनमध्ये झाला. वडील बांधकामाचा धंदा करीत आणि मुलालाही त्यांनी विटा रचण्याच्या उमेदवारीस लावले होते. एडवर्ड्स यांनी विद्यापीठाचे तोंड पाहिले नाही. त्यांचे खरे शिक्षण झाले ते ब्रिटिश म्युझियमच्या वाचनकक्षात. हा वाचनकक्ष नावाला राष्ट्राचा होता. पण प्रवेशासाठी कोणा प्रतिष्ठिताचे शिफारसपत्र लागे आणि आगीच्या भीतीने आत दिवा लावण्यास मनाई असल्यामुळे तो अंधार पडण्यापूर्वी बंद होई. दिवसभर हातावर पोट असणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग काय, हे वेगळे सांगावयास नको.

१८३६ साली या म्युझियमच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी पार्लमेंटची एक समिती काम करीत होती. समितीपुढे झालेल्या साक्षी छापून प्रसिद्ध झाल्या होत्या. तेवीस वर्षांच्या एडवर्ड्स यांनी त्या साक्षी बारकाईने वाचल्या आणि समितीचे एक सदस्य, खासदार बेंजामिन हॉज यांना उद्देशून एक दीर्घ पत्र लिहून ते पुस्तिकेच्या रूपाने छापले. ग्रंथसूची कशी असावी, व्यवस्थेत काय सुधारावे, वाचकांच्या सोयीचा विचार कसा व्हावा, यांविषयी त्यांनी मुद्देसूद सूचना केल्या. ना पदवी, ना ओळख. तरीही या पत्राचा परिणाम असा झाला की, समितीने त्यांनाच साक्षीसाठी पाचारण केले. पुढे १८३९ साली म्युझियमने त्यांना ग्रंथसूचीच्या कामावर नेमले. ग्रंथालयशास्त्रात प्रसिद्ध असलेले १८४१ चे सूचीकरणाचे एक्याण्णव नियम अँटोनिओ पानिझी यांच्या नेतृत्वाखाली तयार झाले; ते सिद्ध करणाऱ्या मंडळींत एडवर्ड्स होते.

म्युझियमच्या नोकरीत असतानाच त्यांच्या मनात एका निराळ्याच प्रश्नाने घर केले. युरोपात कोणत्या शहरात किती ग्रंथालये आहेत, त्यांत पुस्तके किती, आणि त्यांतील किती ग्रंथालये कोणाही माणसाला मुक्त आहेत? त्यांनी वर्षानुवर्षे माहिती जमविली, कोष्टके मांडली आणि मार्च १८४८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे निबंध वाचला. त्यातून निघालेला निष्कर्ष इंग्रजांच्या अभिमानाला झोंबणारा होता. जगभर व्यापार करणारा, कारखान्यांचा धूर आकाशाला भिडविणारा हा देश मुक्त ग्रंथालयांच्या बाबतीत फ्रान्स, प्रशिया, बव्हेरिया यांच्यापुढे दरिद्री होता. पुढील वर्षी एडवर्ड्स यांनी याच विषयावर आणखी एक पुस्तिका काढली. तीही पत्राच्याच रूपात होती आणि या वेळी पत्र वरिष्ठ सभागृहाचे सदस्य अर्ल ऑफ एल्समिअर यांच्या नावे होते.

हा निबंध वाचणाऱ्यांत विल्यम युअर्ट हे खासदार होते. लिव्हरपूलच्या व्यापारी घराण्यात जन्मलेले युअर्ट यांचा पिंड सुधारकाचा होता. किरकोळ गुन्ह्यांसाठी माणसाला फासावर लटकविण्याची प्रथा कमी करण्यासाठी ते अनेक वर्षे झगडत होते, आणि पुढे देहान्ताची शिक्षाच रद्द व्हावी म्हणूनही त्यांनी सभागृहात आवाज उठविला. अशा माणसाला एडवर्ड्स यांच्या कोष्टकांत शस्त्र सापडले. दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि १८४९ साली युअर्ट यांच्या प्रयत्नाने सार्वजनिक ग्रंथालयांविषयी पार्लमेंटची चौकशी समिती नेमली गेली. तिच्यापुढे सर्वांत महत्त्वाची साक्ष एडवर्ड्स यांची झाली. त्यांच्याखेरीज फ्रान्सचे पदच्युत पंतप्रधान गीझो, कामगारांचे पुढारी विल्यम लव्हेट, आणि पुढे ‘सेल्फ हेल्प’ या ग्रंथामुळे आपल्याकडेही नाव झालेले सॅम्युअल स्माइल्स यांनीही साक्षी दिल्या. समितीच्या अहवालाने एक गोष्ट नोंदविली. परदेशांतील असंख्य ग्रंथालयांइतके मुक्त असे एकच ग्रंथालय ग्रेट ब्रिटनमध्ये होते, ते म्हणजे मँचेस्टर येथील चेटम यांचे. ते सतराव्या शतकातील एका कापड व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातून १६५३ साली निर्माण झाले होते. म्हणजे तेही दानाचेच फळ, राज्याचे नव्हे.

एडवर्ड्स यांच्या आकडेवारीवर टीकाही झाली आणि तीत तथ्य होते. म्युझियममधील त्यांचेच सहकारी टॉमस वॉट्स यांनी त्यातील चुका जाहीरपणे दाखवून दिल्या. युरोपातील ग्रंथालये आपली पुस्तकसंख्या फुगवून सांगत, ती एडवर्ड्स यांनी अनेक ठिकाणी जशीच्या तशी घेतली होती. विरोधकांना आयते निमित्त मिळाले. तथापि आकड्यांत घट धरली तरी मूळ मुद्दा ढासळत नव्हता. मँचेस्टरच्या गिरणीतील माणसाला वाचावयास पुस्तक मिळत नाही हे सत्य फ्रान्समधील एखाद्या ग्रंथालयात काही हजार पुस्तके कमी निघाल्याने खोटे ठरणार नव्हते.

१८५० च्या प्रारंभी युअर्ट यांनी विधेयक मांडले. त्यावर हाउस ऑफ कॉमन्समध्ये झालेली चर्चा आजही वाचण्याजोगी आहे. कारण ग्रंथालयाच्या निधीला विरोध करणारे बहुतेक सगळे युक्तिवाद तिच्यात प्रथमच एकत्र सापडतात. लिंकनचे खासदार कर्नल सिब्थॉर्प यांनी तर सरळ सांगून टाकले की, आपल्याला वाचन मुळीच आवडत नाही आणि ऑक्सफर्डला असतानाही आपण त्याचा तिटकाराच करीत असू. लोकांना आज मनाच्या अन्नापेक्षा पोटाच्या अन्नाची गरज अधिक आहे. हे सिब्थॉर्प आगगाड्यांचेही वैरी होते, त्यामुळे त्यांचे बोलणे पुष्कळांनी हसण्यावारी नेले असेल. पण बाकीचे आक्षेप हसण्यासारखे नव्हते. काहींना वाटे की, आधीच घरपट्टीने वाकलेल्या लहान दुकानदाराने शेजाऱ्याच्या वाचनाचा खर्च का द्यावा? काहींचे म्हणणे होते की, सक्तीचा कर आला की स्वेच्छेने चालणाऱ्या संस्था मरतील. आणि काहींच्या मनात १८४८ ची भीती ताजी होती. त्या वर्षी पॅरिसमध्ये राजा पळाला होता आणि लंडनच्या केनिंग्टनच्या मैदानावर चार्टिस्ट कामगारांचा प्रचंड मेळावा भरला होता. कामगार एकत्र बसून वर्तमानपत्रे वाचू लागले, तर ग्रंथालये चळवळीचे अड्डे होतील, असे या मंडळींना वाटत होते. दुसऱ्या वाचनाच्या वेळी मते पडली ती ११८ विरुद्ध १०१. सतरा मतांनी विधेयक तरले.

तरले खरे, पण धड उरले नाही. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये कायदा झाला तेव्हा त्याला इतक्या अटी जडल्या होत्या की, युअर्ट यांचे मूळ विधेयक त्यात ओळखू येऊ नये. दहा हजारांहून अधिक लोकवस्तीच्या नगरांनाच तो लागू होता. नगरपालिकेला ग्रंथालय काढावयाचे तर करदात्यांचे मतदान घ्यावे लागे आणि मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश लोक अनुकूल असावे लागत. कर किती लावता येईल? मालमत्तेच्या आकारणीत दर पौंडामागे फार तर अर्धा पेनी. एका पौंडाचे त्या काळी २४० पेन्स होत, म्हणजे हा भाग ४८० वा झाला. आणि सर्वांत विलक्षण अट अशी की, या पैशातून इमारत बांधावी, फर्निचर घ्यावे, दिवे लावावेत, नोकरांना पगार द्यावेत. पुस्तके मात्र घेऊ नयेत! पुस्तके लोकांच्या देणगीतून येतील, असे गृहीत धरले होते. चांगली वास्तू उभी राहिली की ग्रंथांच्या भेटी आपोआप येतील, असा युअर्ट यांचाही विश्वास होता. सभागृहाकडून जेवढे मिळेल तेवढे पदरात पाडून घ्यावे, हा व्यवहारही त्यात असावा.

दानातून ग्रंथसंग्रह उभा राहतो, ही कल्पना भारतीय वाचकाला, विशेषतः जैन वाचकाला, नवी नाही. पाटण, जैसलमेर, कारंजा येथील भांडारांतील पोथ्या शास्त्रदानाच्या भावनेनेच लिहविल्या व जतन केल्या गेल्या. पण तेथे दाता अमुक ग्रंथाची प्रत अमुक साधूसाठी वा मंदिरासाठी मुद्दाम करवून घेत असे. वाचणारा कोण, हे त्याला ठाऊक असे. इंग्लंडमध्ये १८५० नंतर ग्रंथालयांकडे देणगी म्हणून येणारी पुष्कळ पुस्तके ही घरातील कपाट रिकामे करताना निघालेली असत. जुन्या प्रवचनांचे खंड आले. पण नव्या यंत्राची माहिती शोधणाऱ्या कारागिराला त्यांचा काय उपयोग?

मँचेस्टर या सर्व अडचणींतून मार्ग काढू शकले, कारण तेथे पैसा होता आणि सर जॉन पॉटर यांच्यासारखा उत्साही नगराध्यक्ष होता. त्यांनी वर्गणी जमविली. बारा हजार पौंडांहून अधिक रक्कम उभी राहिली आणि तीत गिरणीमालकांबरोबर कामगारांचीही लहान लहान नाणी होती. कँपफील्ड भागातील ‘हॉल ऑफ सायन्स’ ही वास्तू विकत घेतली गेली. करदात्यांच्या मतदानात ३,९६२ मते बाजूने आणि अवघी ४० विरुद्ध पडली. २ सप्टेंबर १८५२ रोजी सुमारे २१,००० पुस्तकांनिशी ग्रंथालय उघडले, तेव्हा व्यासपीठावर चार्ल्स डिकन्स होते, बुल्वर लिटन होते आणि थॅकरेही होते. थॅकरे भाषणास उभे राहिले, मध्येच अडखळले आणि भाषण अर्धवट टाकून खाली बसले. ग्रंथपालाच्या खुर्चीत एडवर्ड एडवर्ड्स होते. १८५० मध्ये त्यांची म्युझियमची नोकरी गेली होती; स्वतः मागून आणलेल्या कायद्याखाली काम करण्याची संधी त्यांना अशी मिळाली.

इतर गावांचा अनुभव वेगळा होता. बर्मिंगहॅमसारख्या मोठ्या नगरात १८५२ साली मतदान झाले. ५३४ अनुकूल, ३६३ प्रतिकूल. साध्या बहुमताने ग्रंथालय मिळाले असते, पण दोनतृतीयांशाची अट पुरी झाली नाही आणि बर्मिंगहॅमला आणखी आठ वर्षे थांबावे लागले. लंडन शहराच्या अनेक भागांत तर करदात्यांनी पुन्हा पुन्हा नकार दिला. जेथे ग्रंथालय उघडले, तेथेही अर्ध्या पेनीत काय होणार? इमारतीची डागडुजी आणि एकदोन पगार यांतच रक्कम संपे.

म्हणून युअर्ट पुन्हा कामाला लागले. १८५५ साली दुसरा कायदा झाला. मर्यादा अर्ध्या पेनीवरून एक पेनीवर गेली, लोकवस्तीची अट पाच हजारांवर आली आणि सार्वजनिक कराच्या पैशातून पुस्तके व वर्तमानपत्रे विकत घेण्याची मुभा मिळाली. पाच वर्षांपूर्वी ज्या कलमावर तडजोड करावी लागली, ते कलम आता फारशी खळखळ न होता आले. याचे कारण उघड आहे. मधल्या काळात काही गावांत ग्रंथालये प्रत्यक्ष चालली, वाचक रांगा लावून आले, दंगल कोठेच झाली नाही. उलट पुस्तके कमी पडतात, अशी तक्रार आली. सभागृहाला भविष्याची भीती घालता येते, पण घडलेल्या गोष्टी नाकारणे कठीण जाते. १८६६ मध्ये लोकसंख्येची अट गेली आणि दोनतृतीयांशाऐवजी साधे बहुमत पुरेसे ठरले. पेनीची मर्यादा मात्र १९१९ पर्यंत टिकून राहिली. पुस्तकांच्या किमती वाढल्या, पगार वाढले, गावे वाढली, आणि पेनी तेथेच!

एडवर्ड्स यांना या यशाचे सुख फार काळ लाभले नाही. स्वभाव मानी, कामात कोणाचा हस्तक्षेप सहन न करणारा. ग्रंथालय समितीशी त्यांचे खटके उडू लागले आणि १८५८ साली त्यांना मँचेस्टर सोडावे लागले. त्यानंतर त्यांनी ग्रंथालयांच्या इतिहासाचे मोठमोठे खंड लिहिले, मिळेल ते काम केले. उतारवयात सरकारने वर्षाला ८० पौंडांचे निवृत्तिवेतन मंजूर केले. १८८६ साली आइल ऑफ वाइट बेटावरील निटन या खेड्यात, दारिद्र्यात, त्यांचा अंत झाला. त्यांच्या थडग्यावर स्मारक उभारले ते टॉमस ग्रीनवुड या प्रकाशकाने, अनेक वर्षांनी. त्यांचे चरित्रही ग्रीनवुड यांनीच १९०२ साली लिहिले. हे ग्रीनवुड स्वतः ग्रंथालय चळवळीचे धडाडीचे कार्यकर्ते होते. १८८६ साली त्यांनी काढलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांवरील पुस्तकात गावात हा कायदा लागू करून घ्यावयाचा असेल तर काय करावे, लोकमत कसे तयार करावे, विरोधकांच्या आक्षेपांना उत्तरे कोणती, यांचे मार्गदर्शन होते. एडवर्ड्स यांनी एकट्याने जे केले, त्याची ही जणू सामान्य नागरिकासाठी केलेली हस्तपुस्तिका होती.

याच काळात अमेरिकेतील पोलाद कारखानदार अँड्र्यू कार्नेगी यांनी दानाला एक वेगळेच वळण दिले. जगभरात अडीच हजारांहून अधिक ग्रंथालयांच्या इमारतींना त्यांनी पैसा दिला. मागणी पत्राने करावी लागे, आणि अमेरिकेतील गावांपुढे सर्वसाधारण अट अशी असे की, देणगीच्या दहा टक्के इतकी रक्कम दरवर्षी करातून खर्च करण्याची हमी गावाने आधी द्यावी. इमारत दात्याची, पुस्तके आणि पगार लोकांचे. १८५० च्या पार्लमेंटने जी वाटणी केली होती ती कार्नेगी यांनी बरोबर उलटी केली, आणि अनुभवाने तीच शहाणपणाची ठरली.

भारतात हा विचार दोन वाटांनी आला. एक वाट बडोद्याची. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतील ग्रंथालये पाहिली आणि १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणण्यास प्रारंभ केला. गावकऱ्यांनी एक हिस्सा जमविला की, तेवढाच हिस्सा प्रांत पंचायतीने आणि तेवढाच राज्याने घालावा, अशी ही योजना होती. येथे कोणाला पत्रे लिहिण्याची गरज पडली नाही. राजालाच ते पटले होते. असे राजे फार थोडे.

दुसरी वाट मद्रासची. गणिताचे प्राध्यापक शियाली रामामृत रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि प्रशिक्षणासाठी लंडनला गेले. तेथे क्रॉयडनचे ग्रंथपाल बर्विक सेयर्स यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी युअर्ट आणि एडवर्ड्स यांच्या कायद्यातून वाढलेली नगर ग्रंथालये प्रत्यक्ष चालताना पाहिली. मुले, गृहिणी, कामगार तेथे हक्काने येताना पाहिले. परतल्यावर त्यांनी प्रांतिक कायदेमंडळांसाठी ग्रंथालय कायद्याचा एक नमुना मसुदा तयार करून १९३० साली बनारसच्या अखिल आशियाई शिक्षण परिषदेत मांडला. त्यानंतर जे घडले ते १८५० ची आठवण करून देणारे आहे. बंगालच्या विधिमंडळाचे सदस्य कुमार मुनींद्र देव राय महाशय यांनी त्याच आधाराने विधेयक मांडण्याचे ठरविले, तेव्हा त्यातील सक्तीच्या कराच्या तरतुदींमुळे वरिष्ठ सरकारची पूर्वपरवानगी अडली. मद्रासमध्ये बशीर अहमद सईद यांनी आणलेले विधेयकही तडीस गेले नाही. ग्रंथालये असावीत याला कोणाचाच विरोध नव्हता. कर नको होता!

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली, अविनाशिलिंगम चेट्टियार शिक्षणमंत्री असताना, मद्रासचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. त्यात मालमत्ता कराच्या दर रुपयामागे सहा पै इतका ग्रंथालय उपकर ठेवण्यात आला आणि मद्रास शहर सोडून इतर जिल्ह्यांत तेवढीच भर सरकारने घालावी, असे ठरले. नमुना मसुदा आणि कायदा यांच्यामध्ये अठरा वर्षे गेली. या काळात रंगनाथन यांनी लेख, व्याख्याने, निवेदने आणि मंत्र्यांच्या भेटी यांत खंड पडू दिला नाही. त्यांचा ‘ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे’ हा १९३१ चा ग्रंथ शास्त्राचा म्हणून ओळखला जातो, पण तोही त्या मागणीचाच विस्तार आहे. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे असे एकदा मान्य केले की, ते कोणाच्या पैशाने, या प्रश्नाला सामोरे जावेच लागते.

महाराष्ट्रात ग्रंथालयांची परंपरा या कायद्यांहून जुनी आहे. रत्नागिरीचे नेटिव्ह ग्रंथालय १८२८ चे. पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, म्हणजे एडवर्ड्स यांनी लंडनमध्ये निबंध वाचला त्याच वर्षीचे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचे १८९८ मध्ये निघाले. ही सारी वर्गणीवर आणि देणग्यांवर चालली. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालय कायदा केला, तो भारतातील पहिला मानला जातो. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १९३९ साली असफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने खेड्यापर्यंत पोहोचणारी टप्प्याटप्प्याची योजना १९४० मध्ये मांडली. पण तोवर युद्ध सुरू झाले होते आणि मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता. योजनेचा काही भाग स्वातंत्र्याच्या सुमारास अमलात आला, बाकीचा कागदावरच राहिला.

१९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम संमत झाला आणि १ मे १९६८ पासून लागू झाला. यात मद्रासप्रमाणे उपकर नाही. राज्य शासनाने ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान पंचवीस लाख रुपये घालावेत, अशी तरतूद मूळ अधिनियमात करण्यात आली आणि संस्थांनी चालविलेल्या ग्रंथालयांना मान्यता देऊन, वर्गवारी ठरवून, अनुदान देण्याची पद्धत सुरू झाली. या पद्धतीचा मोठा गुण असा की, जुन्या लोकसंस्था मोडल्या नाहीत. त्यांचे विश्वस्त, त्यांची इमारत, त्यांचा स्थानिक जिव्हाळा टिकला. आज अनुदानावर चालणारी हजारो वाचनालये याच कायद्याची लेकरे आहेत. दोष असा की, उपकर मालमत्तेबरोबर आपोआप वाढतो, अनुदान मात्र वाढवून घ्यावे लागते. कायद्यात लिहिलेला रुपयांचा आकडा दरवर्षी थोडा थोडा आटत जातो. इंग्लंडच्या पेनीचे जे झाले तेच पंचवीस लाखांचे झाले.

कायदा झाला म्हणजे निधी सुरक्षित झाला, असे त्या देशातही ठरले नाही. १९६४ च्या ब्रिटिश कायद्याने ग्रंथालय चालविणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्यच केले. तरीही २०१० नंतरच्या काटकसरीत तेथील शेकडो शाखा बंद पडल्या. वायव्य लंडनमधील केन्सल राइज येथील वाचनालय १९०० साली मार्क ट्वेन यांच्या हस्ते उघडले होते. २०११ साली ते बंद करण्याचा निर्णय झाला, तेव्हा रहिवाशांनी निवेदने दिली, लेखकांनी पाठिंबा दिला, प्रकरण न्यायालयात गेले आणि रहिवासी हरले. २०१९ साली त्याच इमारतीच्या एका भागात रहिवाशांनी स्वतःच्या बळावर वाचनालय पुन्हा उघडले. एकशे सत्तर वर्षांच्या कायद्यानंतर ते पुन्हा स्वेच्छेच्या वर्गणीवर आले.

महाराष्ट्रात २०१२ साली अनुदानाचे दर वाढले. त्यानंतरची वाढ, साठ टक्क्यांची, मंजूर झाली ती २०२२ मध्ये. मधल्या दहा वर्षांत ग्रंथालय संघांची आणि कर्मचाऱ्यांची निवेदने मुंबईत मंत्रालयाकडे, हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपूरला आणि वर्षभर आपापल्या आमदारांच्या कचेऱ्यांत जातच राहिली. पुस्तकांच्या किमती किती वाढल्या आणि ग्रंथपालाच्या हाती महिन्याला किती पडतात, हाच त्यांतील मुख्य मजकूर होता.